मराठवाड्याच्या डोंगरातल्या खडीवाटा : दुष्काळी कामांपासून ग्रॅव्हल सायकलपर्यंत

अजिंठ्याच्या रांगेत, बालाघाटावर आणि किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात ग्रॅव्हल सायकलवाले (रुंद टायरच्या सायकलीने खडी-मुरमाच्या वाटा धुंडाळणारे) ज्या वाटा शोधत येतात, त्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे अर्ध्यावर थांबलेले रस्ते. कुठे मजुरीला पैसा होता, डांबराला नव्हता. कुठे डांबराचे काम निघाले आणि वनहद्दीच्या खांबापाशी येऊन अडले. कुठे खडी अंथरली, पण ती दाबायला रोलर आलाच नाही. कोणता रस्ता कशामुळे थांबला हे कळले, की नकाशावरची कोणती रेघ सायकलला चालेल आणि कोणती दगा देईल याचा अंदाज निघण्याआधीच बांधता येतो. म्हणून हा मागोवा.

फार जुन्या काळाबद्दल थोडक्यात. पैठण आणि तेर या सातवाहनकाळातल्या मोठ्या पेठा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात भडोचहून पैठणला २० दिवस आणि तिथून पूर्वेला तेरला आणखी १० दिवस लागतात, आणि माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर येतो, अशी नोंद आहे. गोदावरीच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरायचे तर अजिंठ्याची रांग ओलांडणे भाग होते. पितळखोऱ्याची लेणी आहेत ती या रांगेच्या कड्यावरच. रांगेचा उतार दक्षिणेला, म्हणजे आपल्या बाजूला, सौम्य आणि उत्तरेला खानदेशाकडे एकदम तुटलेला. त्यामुळे मराठवाड्यातून गेलेली वाट पठारावर मैलोन्‌मैल सपाट चालते आणि शेवटच्या तीन-चार किलोमीटरांत सगळी उंची गमावते. आजही मार्ग आखताना हेच ध्यानात ठेवावे लागते : चढाईचा खरा घाट परतीच्या वाटेवर, दुपारच्या उन्हात समोर येतो. पुढे लमाणांच्या बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन याच मुलखातून फिरत. त्यांच्या वस्त्या डोंगराच्या पायथ्याशी आणि पठाराच्या कडेला राहिल्या. आज खडीचा रस्ता जिथे संपतो तिथे बहुतेक वेळा तांडाच असतो.

निजामी अमलात अजिंठ्याची रांग म्हणजे संस्थानची सीमा होती. पलीकडे १८१८ पासून इंग्रजांचा खानदेश. कन्नडच्या घाटाला औट्रम घाट म्हणतात ते खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून. सीमेवरचा मुलूख हा दोन्ही बाजूंनी रस्त्यांचे शेवटचे टोक असतो, आणि रेल्वेनेही डोंगर टाळलाच. मनमाडहून जालना, परभणी, नांदेडकडे गेलेला मीटरगेज मार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून गेला. बालाघाटाच्या वाट्याला मात्र बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी आली. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला पोचलेली ही गाडी येडशीवरून पुढे सरकत १९११ मध्ये लातूरला आली. रामलिंगच्या जंगलातून तिने चढ घेतला, तो बालाघाटाचा उतार किती सौम्य आहे याचा पुरावाच.

आजच्या खडीवाटांचा खरा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. सलग दोन वर्षे पाऊस कमी झालेला, तिसऱ्या वर्षी तो पूर्ण फसला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती, आणि मराठवाडा हा त्यातला सर्वांत होरपळलेला भाग. पाझर तलाव, बंडिंग, मातीकाम आणि खडी फोडणे ही ठरलेली कामे. कातळाचे दगड घणाने फोडून त्यांची हातोडीने खडी करायची, रस्त्याकडेला ढीग लावायचा, तो ब्रासने (१०० घनफुटांच्या मापाने) मोजून मजुरी घ्यायची. त्या मजुरीवर, सुकडीवर (वाटलेल्या पौष्टिक पिठावर) आणि लाल मिलोवर (आयात ज्वारीवर) घरे तगली. आज ज्या वाटेवर आपण टायरचा दाब किती ठेवावा याची चर्चा करतो, तिच्यातला एकेक दगड कुणीतरी पोटासाठी हाताने फोडलेला असू शकतो. या मुलखात सायकल चालवणाऱ्याने हे विसरू नये.

त्या कामांना तेव्हाच नावे ठेवली गेली. खडीचे ढीग रस्त्याच्या गरजेपेक्षा जास्त झाले, रस्ते कुठून कुठे जातात याचा मेळ नाही, अशी टीका झाली. रस्ता म्हणून पाहिले तर ती खरी आहे. माणसे जगवण्याचा कार्यक्रम म्हणून पाहिले तर ती अपुरी आहे. सायकलस्वाराला त्या तुटकपणातून एक गोष्ट मिळाली : डोंगरातल्या गावांना परस्परांशी जोडणारे, तालुक्याच्या गावाला न जाणारे आडवे रस्ते. पक्क्या रस्त्यांचे जाळे तालुक्याकडे तोंड करून असते. गोल फेरीचा मार्ग आखायचा तर हे आडवे तुकडेच लागतात.

आता या रस्त्याच्या पोटात काय असते ते पाहू, कारण बिघाड तिथूनच सुरू होतो. नेमून दिलेल्या पद्धतीचा खडीचा रस्ता, ज्याला सगळे डब्ल्यूबीएम (वॉटर बाउंड मॅकॅडम) म्हणतात, थराथराने बांधतात. मातीकाम आणि गरज पडेल तिथे दगडी सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा पाया. त्यावर ग्रेड १ ची खडी, ९० ते ४५ मिलिमीटरची, दाबून १०० मिलिमीटर जाडीची. मग ग्रेड २, ६३ ते ४५ मिलिमीटर, दाबून ७५. वर ग्रेड ३, ५३ ते २२.४ मिलिमीटर, तीही दाबून ७५. प्रत्येक थर आधी कोरडाच रोलरने दाबायचा, मग फटींत कच (बारीक खडी) भरायची, पाणी मारायचे, वर मुरूम पसरायचा आणि पुन्हा पाणी मारून रोलर फिरवायचा. दगड एकमेकांना घट्ट धरून राहतात ते या शेवटच्या पाण्यामुळे. ज्या वर्षी प्यायला पाणी नव्हते त्या वर्षी रस्त्यावर मारायला ते कुठून येणार होते?

असा अर्धकच्चा थर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत उघडा पडतो. आधी मुरूम वाहून जातो, मग कच, आणि खडी दातासारखी वर येते. वर आलेली खडी ग्रेड ३ ची असेल तर ४० मिलिमीटरचे टायर तिच्यावरून जाते. ग्रेड २ उघडी पडली असेल तर दगडच टायरपेक्षा रुंद. चाक दोन दगडांच्या मधे उतरते आणि पुढचे हँडल हिसका देते. अशा ठिकाणी ४५ ते ५० मिलिमीटरचे टायर हवे. साधारण ७५ किलोच्या स्वाराला ४५ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पासून सुरुवात करावी आणि रिमवर दगड आदळल्याचा आवाज आला की दोन-दोनने वाढवावे. आपला काळा कातळ फुटतो तो धारदार कडांनी, म्हणून चाकाच्या तळाला होणाऱ्या छिद्रापेक्षा बाजूच्या भिंतीचा काप जास्त वेळा अडवतो. तिथे छिद्र बुजवायचा रबरी प्लग धरत नाही. जुन्या टायरचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा आतून लावून ट्यूब घालावी लागते, तेव्हा तो तुकडा आणि एक ट्यूब बरोबर असलीच पाहिजे.

दुष्काळ सरला तरी रस्ते अर्धेच का राहिले, याचे उत्तर एका प्रमाणात आहे. दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. त्याच्या कामांत खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर आणि उरलेला ४० टक्क्यांपर्यंत साहित्यावर, असे बंधन आले. मातीकाम आणि खडी फोडणे हे मजुरीचे काम, ते यात सहज बसते. डांबर, रोलरचे भाडे, फरशी पुलाचे सिमेंट हे सगळे साहित्यात जाते. म्हणजे रस्ता मातीच्या भरावापर्यंत आणि फार तर खडीपर्यंत योजनेतून येई आणि तिथून पुढे दुसऱ्या निधीची वाट पाहत बसे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही ६०:४० हेच प्रमाण ठेवले आणि ठेकेदार नको ही अटही घातली. हेतू निर्विवाद चांगला, मजुराच्या हातात पैसा जावा. डोंगरातल्या रस्त्यांच्या अंगावर मात्र त्याची खूण कायमची राहिली.

दुसरा अडथळा जंगलाचा, आणि सगळ्यात मोठा गुंता इथेच आहे.

२५ ऑक्टोबर १९८० ही तारीख या विषयात सतत येते. त्या दिवसापासून वनजमिनीचा वनेतर कामासाठी वापर करायचा तर केंद्राची पूर्वमान्यता लागते. जंगलातून नवा रस्ता म्हणजे वनेतर वापर. पण त्या तारखेआधीपासून जो रस्ता होता, त्याची देखभाल करायला आणि रुंदी न वाढवता, झाड न तोडता तो सुधारायला वाट तुलनेने मोकळी. म्हणून प्रत्येक गावाचा प्रश्न एकच होतो : आमचा रस्ता १९८० च्या आधीचा आहे हे दाखवायचे कसे?

हे मराठवाड्यात इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे. संस्थानी काळातले बरेच महसुली कागद उर्दूत, साल फसली, म्हणजे महसुली सनातले. सेतवार आणि १९५४ ची खासरा पाहणी या जुन्या जमीननोंदी जमिनीची धारणा सांगतात, रस्त्याचा दर्जा सांगत नाहीत. गावनकाशावर दोन तुटक रेघांची गाडीवाट असते, पण गावनकाशा वनहद्दीपाशी बहुधा थांबतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर गाडीवाट आणि पायवाट वेगळ्या चिन्हांनी दाखवलेल्या असतात आणि तिथे पाहणीचे वर्षही छापलेले असते, म्हणून तोच सर्वांत उपयोगी कागद ठरतो. मात्र नकाशावर गाडीवाट असणे आणि बांधलेला रस्ता असणे यांत फरक आहे, असे वनखात्याच्या बाजूने म्हणता येते. गाव दुष्काळी कामांच्या हजेरीपटाकडे बोट दाखवते, पण वहिवाटीला साक्षीदार असला तरी हजेरीपट जागेवर सापडतोच असे नाही. यात निकाल काही लागो, सायकलस्वाराला त्याचा परिणाम जमिनीवर दिसतो : डांबर येते, वनहद्दीच्या खांबापाशी धारदार कडेने संपते, मुरूम-खडीचा पट्टा सुरू होतो आणि पलीकडच्या खांबापाशी पुन्हा डांबर. त्या डांबराच्या कडेला दहा-पंधरा सेंटिमीटरची पायरी असते. उतारावर वेगात तिच्यावर आदळले की पुढची रिम बसते. वनहद्दीचा खांब दिसला की वेग कमी करावा.

अभयारण्यात हा गुंता दुपटीने वाढतो. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे. बीडमधले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ चे आणि येडशी-रामलिंगघाट १९९७ चे. ही दोन्ही लहान, ३० चौरस किलोमीटरच्या आतली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय कुणाला जाता येत नाही. अपवाद आहेत ते कामावरचा सरकारी नोकर, तिथे राहण्याची परवानगी असलेला, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला, अशांवर अवलंबून असलेले, आणि सार्वजनिक हमरस्त्याने अभयारण्य ओलांडणारा. कलम २८ मध्ये परवाना कशासाठी देता येतो त्या कारणांत पर्यटन आहे. आता सायकलवाला यातला कोण? डांबरी घाटरस्त्याने पलीकडे जात असेल तर वाटसरू, त्याला परवाना नको. तोच खडीच्या फाट्याला वळला की पर्यटक, आणि परवाना हवा. फाटा १९७३ मध्ये गावकऱ्यांनी खडी फोडून केलेला असेल तर तो हमरस्ता म्हणायचा का, यावर दोन मते आहेत. गावातला माणूस त्याच फाट्याने दुधाचे कॅन लावून रोज ये-जा करतो आणि त्याला कुणी अडवत नाही, ते त्याच्या वहिवाटीमुळे. बाहेरून आलेल्याने ती वहिवाट आपली समजू नये. नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून, सांगितलेल्या वेळेत बाहेर पडणे हाच सरळ मार्ग. जाळरेषा नकाशावर मोकळ्या वाटेसारखी दिसते, पण ती वणवा अडवण्यासाठी काढलेली पट्टी आहे, रस्ता नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे जाळण्याचे काम चालते.

या वादात सायकलवाल्यांचे मत ऐकू येऊ लागले आहे आणि ते सहसा 'डांबर नको' असे असते. त्या मतात एक मोठी त्रुटी आहे. बाळंतिणीला खडीच्या रस्त्याने जीपमधून नेणाऱ्या तांड्यासमोर आपल्या रविवारच्या फेरीचे वजन नगण्य आहे. मागावे ते एवढेच : वनपट्ट्यात डांबर येणारच नसेल, तर ग्रेड ३ ची खडी आणि मुरूम दर पावसाळ्यानंतर नीट पाणी मारून दाबला जावा, दोन्ही बाजूंची गटारे उघडी असावीत आणि रस्त्याच्या मध्याला उंची राखली जावी. पाणी चाकोरीतून वाहू लागले की एका पावसाळ्यात तिथे घळ पडते. असा दाबलेला मुरूम रुग्णवाहिकेलाही चालतो आणि सायकलला तर डांबराहून सुखाचा.

किनवट-माहूरकडे चित्र थोडे वेगळे आहे. तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) चा आधार मिळतो. ग्रामसभेच्या शिफारशीने, गावाच्या रस्त्यासारख्या सुविधेसाठी प्रत्येक वेळी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे न तोडता देता येते. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्याला एक हेक्टर म्हणजे जेमतेम २.६ किलोमीटर. म्हणून या बाजूला पक्के तुकडे छोटे आणि विखुरलेले भेटतात. सागाची पाने पडल्यावर, म्हणजे जानेवारीपासून पुढे, त्यांच्या थराखाली खडी दिसत नाही. उतारावर ब्रेक आधीच दाबून वेग आटोक्यात ठेवावा लागतो, कारण पानांवर पुढचा ब्रेक लावला की चाक निसटते.

खेळ म्हणून ग्रॅव्हल सायकलिंग इथे अगदी अलीकडे पोचले. अमेरिकेत कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समधली २०० मैलांची शर्यत २००६ ची, आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीतल्या व्हेनेतोत २०२२ ला झाली. पण रुंद टायरची सायकल या मुलखाला नवी नाही. गावोगावच्या काळ्या सायकलीचे टायर २८ गुणिले दीड इंचाचे, म्हणजे रुंदी सुमारे ४० मिलिमीटर. शिक्षक, पोस्टमन आणि दूधवाले यांनी याच खडीवरून ती दशकानुदशके हाकली. मात्र तिची रिम ६३५ मिलिमीटरची आणि आजच्या ग्रॅव्हल सायकलच्या ७००सी चाकाची ६२२. त्यामुळे गावातल्या दुकानात टायर लटकलेले दिसले तरी ते आपल्या चाकावर बसत नाही. पंक्चर काढून मिळेल, हवा मिळेल, टायर मिळणार नाही. प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हवर चढवायचे पितळी अडॅप्टर खिशात ठेवावे, नाहीतर हवाही मिळत नाही.

बाभळीच्या काट्यामुळे इथे ट्यूबलेस ही चैन राहत नाही. ४५ मिलिमीटरच्या टायरला ६० मिलिलिटर सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) घालावे आणि मार्चनंतर दर महिन्याला ते ओले आहे का पाहावे, उन्हाळ्यात ते लवकर वाळते. आत रुतलेला काटा लगेच उपसू नये. सीलंटने भोवताल धरला असेल तर मुक्कामी पोचून काढावा.

काळ्या मातीचा नियम याहून कडक. पठारावर मुरूम आणि खोलगटात काळी माती असा पट्टा दर काही किलोमीटरवर येतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून सप्टेंबरअखेर काळ्या मातीत शंभर मीटरही सायकल चालत नाही. चिखल टायर आणि फ्रेममध्ये दाटतो, चाक फिरायचे थांबते, आणि तशीच ओढली तर मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला धरणारा तुकडा, तुटतो. उचलून शेताच्या धुऱ्यावरून न्यावी, सुटा हँगर बरोबर ठेवावा. फरशी पुलांवर ऑक्टोबरपर्यंत शेवाळ असते, तिथे न वळता सरळ जावे. नोव्हेंबरनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि बालाघाटाच्या सपाटीवरच्या मुरमात खोल चाकोऱ्या पडतात.

पाण्याची सोय हीसुद्धा त्याच दुष्काळाची देणगी. खडकात विंधन विहिरी घेण्याचे काम त्या वर्षांत वाढले. हातपंपाच्या सुधारणेत जालन्याचे नाव कायमचे आहे : जालना पंप, त्यावरून सोलापूर पंप आणि त्यातून पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क दोन. तांड्यावरचा पंप फेब्रुवारीनंतर आटू शकतो, तेव्हा उन्हाळ्यात दोन गावांमधल्या अंतराइतके पाणी पुरेल असे न धरता तीन गावांचे धरावे.

डिजिटल नकाशांवर एक फसगत ठरलेली आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या फुगवट्यात जुने रस्ते गेले. इतर धरणांतही तेच झाले. जुन्या नकाशावरून उतरवलेली रेघ थेट पाण्यात शिरते. उपग्रह चित्र दोन ऋतूंचे तपासावे, मे महिन्यात उघडी पडलेली वाट डिसेंबरमध्ये पाण्याखाली असते.

२००० नंतर मात्र बदलाचा वेग वाढला. त्या वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या केंद्रीय ग्रामसडक योजनेने मोठी गावे पक्क्या रस्त्याने जोडली. २०२१ मध्ये राज्याने शेत-पाणंद रस्त्यांसाठी रोजगार हमीचा आणि राज्याचा निधी एकत्र आणला, त्यामुळे साहित्याची जुनी अडचण बरीच सुटली. २०२५ मध्ये शेतरस्त्यांना ३ ते ४ मीटर रुंदी आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद, असे ठरले. जुन्या गाडीवाटा भराव घालून उंच होत आहेत, त्यावर सुटा मुरूम पडतो आणि पहिले वर्ष सायकलला जड जाते. दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टरनेच तो दाबला जातो आणि रस्ता उत्तम होतो.

कन्नड घाटाचेही रूप पालटले. २०२१ च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून तो बंद पडला होता. २०२३ पासून न्यायालयाच्या आदेशाने जड वाहने तिथून वळवली गेली, आणि सायकलीला हा घाट पूर्वीपेक्षा सुरक्षित झाला. दरडीचा धोका मात्र पावसाळ्यात कायम आहे.

जंगलाची बाजूही हलते आहे. २०२१ मध्ये यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात दिसला, आणि २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या जंगलातही वाघाची नोंद झाली. बिबट्या तर आधीपासून आहेच. अशा वेळी वाट कधीही बंद होऊ शकते. निघण्याच्या आदल्या दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे, पहाटे आणि संध्याकाळी वनपट्ट्यात असू नये, आणि वाट बंद म्हणून सांगितले तर डांबरी घाटाने जावे.